गाडीचा मालक गाडीवर

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात कुणाला नावानं हाक मारली नसेल. ते गावानं हाक मारायचे. वरच्या खोलीतला कंपाउंडर म्हणजे 'बार्शी', दूधवाला म्हणजे 'होटगी'. खोली बघायला गेले त्या दिवशी मी माझं नाव, आडनाव, ऑफिस, हुद्दा सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाव?" मी म्हटलं, केम. "म्हंजी कुंकवाचं गाव. रेल्वे थांबती तितं. वर मागची खोली तुझी. केम, चप्पल बाहेर काढ." झालं! पुढची सहा वर्षं मी केमच होते. पहिल्यांदा फार राग यायचा. मी काय रेल्वे स्टेशन आहे का, असं एकदा तोंडावर म्हणूनही बघितलं. त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. आता पुण्यात सगळे मला मॅडम म्हणतात, आणि मला वाटतं, कुणीतरी खालून एकदा ओरडावं, "ए केम! पाणी आलंय, उठ की!"

आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं जॉबर म्हणून काढली होती. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. घराच्या पाठीमागं एक छोटा कारखाना होता, आठ मागांचा. दिवसरात्र खटखट खटखट. मी पहिला आठवडा कानात कापूस घालून झोपले. आप्पांचं उलटं होतं. दुपारी वीज गेली, माग थांबले, की गाढ झोपलेले आप्पा ताडकन उठून बसायचे आणि विचारायचे, "कोन मेलं?" वीज आली, माग सुरू झाले, की पुन्हा आडवे. भिंतीपलीकडच्या आठ मागांतला कुठला आजारी आहे, तेसुद्धा ते अंथरुणातून सांगायचे.

बायको जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एक कॉट, एक स्टो, शेंगाचटणीची बरणी आणि अंगणात ती स्कूटर. फिकट निळी, गिअरची, किक मारायची. रोज सकाळी तिला जुन्या चादरीच्या तुकड्यानं पुसणार, मग एका बाजूला वाकवणार, पेट्रोल चढावं म्हणून. त्या वेळी चेहरा असा, की हा माणूस गाडीच्या कानात काहीतरी सांगतोय. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला जायचं तरी गाडी. एकदा मी म्हटलं, "आप्पा, वीस पावलं आहेत." तर म्हणाले, "पावलं मोजायला मी काय वामन हाय?"

त्यांनीच मला गाडी शिकवली. म्हणजे शिव्या घातल्या, मी शिकले. "क्लच हळू सोड! कुनावर उपकार करतीस का?" असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडायचे. आणि गाडी नीट गेली की एक शब्द नाही. घरी येऊन नुसती कडक भाकरी आणि दही पुढं ठेवायचे. ते बक्षीस.

आणखी एक खोड म्हणजे गाठी. पिशवी असो, वाळत घालायची दोरी असो, पाण्याच्या नळीचं तोंड असो, आप्पा सगळ्याला एकच गाठ मारायचे. ताण दिला तर घट्ट बसणारी, आणि एक शेपूट ओढलं की अलगद सुटणारी. ती गाठ त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, लहानपणी शिकवलेली. वडिलांचा घरी हातमाग होता. आई लवकर गेली, आणि तुटलेले धागे जोडायचं काम अक्काकडं आलं. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ती धागे जोडायची. आप्पा म्हणायचे, "गाठ अशी मारावी केम, की हिसका देनाऱ्याला सुटू नये आन् समजून वडनाऱ्याला सुटावी." दुसरा एक नियम होता. ज्यानं मारली त्यानंच सोडायची. मी कधी त्यांची गाठ सोडायला गेले की हातावर चापटी.

अक्काचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाला लागून. अक्काचे गुडघे गेलेले, ती सोलापूरला येऊ शकत नव्हती. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि हे दोघं अर्धं मराठी अर्धं कानडी असं जोरजोरात बोलायचे. आप्पांची बायको गेली तेव्हा अक्कानं त्यांना पंधरा दिवस गावी नेऊन ठेवलं होतं. तिथून ते पळून आले. मग अक्कानं अट घातली: जोवर तुझी गाडी चालते तोवर तू तिथं राहा. ज्या दिवशी गाडी सुटली, त्या दिवशी सोलापूर सुटलं. गुमान माझ्याकडं यायचं. आणि अक्काचा शब्द म्हणजे शब्द. साठी उलटलेला हा माणूस, सगळ्या गल्लीला दम देणारा, बहिणीपुढं फोनवरसुद्धा उभं राहून बोलायचा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते वरवर बघितलं तर निव्वळ वेडेपणा वाटेल.

एके दिवशी आप्पांनी केळ्याच्या गाड्याला धडक दिली. चौकात उभा असलेला गाडा, दिवसाढवळ्या. "गाडा मधी आला," म्हणाले. पुढच्या आठवड्यात विजेचा खांब मधी आला. मग मी त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू. समोरचं दिसत होतं, तेही नळीतून बघावं तेवढंच. बाजूचं आणि खालचं सगळं गेलेलं. डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितली. आप्पा बाहेर आले, चपला पायानं चाचपून शोधल्या, आणि मला म्हणाले, "केम, हे अक्काला कळलं तर मी मेलो." मी म्हटलं, "मग जा की बहिणीकडं, दोन वेळचं गरम जेवाल." माझ्याकडं बघून हळू म्हणाले, "तितं माग न्हाईत गं. रातभर नुसतं गप्प."

तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं. आज माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, सगळं गप्प असतं, आणि मी छताकडं बघत पडलेली असते.

त्या दिवसापासून गाडी अंगणात. पुसणं रोजचं, वाकवणं रोजचं, किक मारून पाच मिनिटं चालू ठेवणंही रोजचं. दर रविवारी अक्काला सांगायचं, "आज तुळजापूरला जाऊन आलो गाडीवर." मी दारात उभी राहून डोळे वटारायची, ते माझ्याकडं पाठ फिरवायचे.

मग मार्गशीर्षातली अमावस्या आली. आमच्या केमकडं तिचं एवढं कौतुक नाही, पण त्या भागात वेळा अमावस्या म्हणजे मोठा सण. पहाटे स्वयंपाक करायचा आणि सगळं शेतात न्यायचं. सगळ्या भाज्या, शेंगा, डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करून देवी मांडायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. आप्पा दर वर्षी स्कूटरवरून थेट अक्काच्या शेतात जायचे. लांबूनच हॉर्न द्यायचे, दोन बारके, एक लांब. तो ऐकला की अक्का पानं मांडायला घ्यायची.

त्या सकाळी मी खाली आले तर दारात पिकअप उभा. मागचं फाळकं पाडलेलं, त्याला फळी लावलेली, आणि आप्पा आणि ड्रायव्हर गाडी वर चढवतायत. ड्रायव्हर कुंभारीचा, म्हणून अर्थात 'कुंभारी'.

"गॅरेजला का आप्पा?"

"माहेराला. तू पन चल. दोन डोळं लागत्यात मला, तासाभरासाठी."

बेत असा, की डांबरी रस्ता सुटून अक्काच्या शेताकडं कच्ची वाट वळते तिथं एक चिंच आहे. तिथवर गाडी पिकअपमधून न्यायची, चिंचेपाशी उतरवायची, आणि पुढचा अर्धा-पाऊण किलोमीटर आप्पांनी चालवत जायचं. वाट सरळ, त्यांना पाठ असलेली. मी मागं बसून वाटेवर नजर ठेवायची. डावीकडं काही आलं तर डाव्या खांद्यावर बोट, उजवीकडं आलं तर उजव्या. जेवून परत चिंचेपर्यंत, की पुन्हा पिकअप.

मी म्हटलं, "आप्पा, हा शुद्ध खुळेपणा आहे. आपटलो तर दोघं मरू." म्हणाले, "मरतीस कशाला, तुजं लगीन व्हायचंय अजून." आणि मी गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, एवढंच.

स्कूटरला त्यांनी दोन चादरी गुंडाळल्या, चारी बाजूंनी दोऱ्या ताणल्या, त्यांच्या त्या गाठी मारल्या. मी कॅबिनमध्ये बसले आणि त्यांना जागा केली. तर हे मागं चढले आणि स्कूटरवर बसले! डोक्याला माकडटोपी, दोन्ही हात हँडलवर.

"आप्पा, पुढं या की!" कुंभारी ओरडला.

"गाडीचा मालक गाडीवर."

मी सोलापूर ते ती चिंच, सगळा रस्ता, कॅबिनच्या मागच्या काचेतून बघत होते. पिकअप धावतोय, आणि त्यात बांधलेल्या स्कूटरवर एक म्हातारा ताठ बसलाय. पिकअप वळायला लागला की मागच्या गाड्यांना हात दाखवतोय! कुंभारीनं जोरात ब्रेक मारला की काचेवर टकटक, "क्लच दाब, क्लच!" अक्कलकोटच्या स्टँडपाशी लोकांनी चहाचे कप हातात धरून बघितलं. मला हसून हसून धाप लागली, आणि मध्येच केव्हातरी दिसलं, की त्यांनी डोळे मिटलेत, वारं तोंडावर घेतायत, आणि उजवी मूठ अगदी बारीक, पिळल्यासारखी हलतेय. मग मला हसू येईना.

चिंचेपाशी त्यांनी एकेक गाठ चाचपून स्वतः सोडली. मला, कुंभारीला हात लावू दिला नाही. गाडी खाली घेतली, वाकवली, किक मारली. आणि मग तो माणूस असा गेला म्हणता! दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी, मधून पांढरी वाट, माझी बोटं त्यांच्या खांद्यांवर आणि माझ्या जिभेवर सगळे देव. दोन बारके हॉर्न, एक लांब. खोपीपाशी अक्का काठी टेकून उभी होती. आप्पांनी गाडी बरोबर तिच्या पुढ्यात थांबवली, स्टँडवर लावली आणि म्हणाले, "रस्ता लई खराब केलाय गं ह्यांनी. दीड तास लागला." खोटं बोलावं ते असं.

अक्का उंच, काळीसावळी, कपाळाला विभूती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चाकापाशी काहीतरी बघितलं, मला वाटलं चिखल बघतेय. मग आम्हाला पोट फुटेस्तोवर जेवू घातलं. निघताना दोन डबे दिले आणि वर एक तिसरं गाठोडं, चांगलं भरगच्च. "हे चिंचंपाशी ठिव. तितं म्हसोबा हाय."

वाटेत आप्पा म्हणाले, "तितं म्हसोबा कुटला आला? अक्काचं वय झालं." चिंचेपाशी पोचल्यावर त्यांनी ते गाठोडं कुंभारीच्या हातात दिलं. बिचारा सकाळपासून उपाशी. तो म्हणाला, "म्हसोबा मीच की आप्पा!" आणि आम्ही तिघंही चिंचेखाली हसत बसलो. अक्काला फसवल्याचा आप्पांना इतका आनंद झाला होता, की परतीच्या वाटेवर ते स्कूटरवर बसून कानडी गाणं म्हणत आले.

तीन वर्षं आम्ही हे केलं. तीन वर्षं अक्कानं गाडीभोवती फेरी मारली, तीन वर्षं म्हसोबाचा नैवेद्य दिला.

मग माझी बदली झाली, पुण्याला. आप्पांनी मला निरोप दिला नाही, नळीला गाठ मारत बसले होते. त्याच पावसाळ्यात मागचा कारखाना बंद पडला. आठ माग भंगारात गेले. बार्शीनं फोनवर सांगितलं, आप्पा झोपत नाहीत, अंगणात खुर्ची टाकून बसतात. अमावस्येच्या आधी त्यांचा फोन आला.

"केम, यंदा येतीस न्हवं?"

माझ्या ऑफिसात तपासणी चालू होती. साहेबांनी सुट्टी नाकारली होती असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. नवं ऑफिस, उगाच कशाला, असं म्हणून. मी म्हटलं, "आप्पा, सुट्टी नाही हो. पुढच्या वर्षी नक्की."

मग म्हणाले, "इरली बिडु." कानडीत राहू दे, सोड, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या कुणाला त्यांनी खांद्यावर बोट ठेवू दिलं नाही. अक्काला सांगितलं, गाडीचं इंजिन खोललंय.

माघात ते गेले. मी सोलापूरला पोचले तेव्हा अंगणात गाडी होती, पुसलेली.

यंदा मार्गशीर्ष लागला आणि अक्काचा मला फोन आला. नंबर तिच्या मुलानं आप्पांच्या वहीतून काढला होता, म्हणे 'केम' अशा नावाखाली. अक्का एवढंच बोलली, "त्याची गाडी घिऊन ये. अमावस्येला. कशी आनायची ती तू बघ." या वेळी मी सुट्टी मागितली. नाही म्हणाले असते तर राजीनामा दिला असता, खरंच.

कुंभारीनं पिकअप आणला. चादरी मी गुंडाळल्या, गाठी मी मारल्या, आप्पांच्या. सहा वर्षं बघून हात आपोआप गेला. कुंभारीनं कॅबिनचं दार उघडून धरलं. मी म्हटलं, नको. मागं चढले आणि स्कूटरवर बसले. त्यानं पिकअप नेहमीपेक्षा हळू चालवला. अक्कलकोटच्या स्टँडवर लोकांनी बघितलं, बघू देत. मी कितीदा तरी मागं वळून बघितलं. काय बघायचं होतं कुणास ठाऊक.

चिंचेपाशी गाडी उतरवली. किक तिसऱ्यांदा लागली. मी निघाले, तीच वाट, तीच ज्वारी, आणि खांदे रिकामे. हॉर्नच्या बटणावर अंगठा ठेवला आणि तो दाबवेना. तो हॉर्न त्यांचा होता. मी मुकाट्यानं खोपीपर्यंत गेले आणि गाडी बंद केली.

अक्का बाहेर आली. दोन वर्षांत फार वाकली होती. तिनं गाडीवरून हात फिरवला, सीटवरून, हँडलवरून. मग नेहमीसारखी मागं गेली, वाकली, आणि स्टँडपाशी चाचपलं.

"ह्या टायमाला काय ऱ्हायलं न्हाय," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं कमरेची चंची सोडली आणि माझ्या हातावर दोरीचे तीन तुकडे ठेवले. वीतभर, वीतभर. प्रत्येकाला तीच गाठ.

"दर साली एक इसरायचा. हितं खाली, स्टँडला. दिसत नव्हतं त्याला." मग माझ्याकडं बघितलं. "ही गाठ म्याच शिकवल्याली. स्कूटर चालवत येनारा मानूस स्कूटरला दोरी कशाला बांधंल?"

माझे डोळे चांगले होते. पण ते वाटेवर खिळलेले होते, आणि चिंचेपाशी त्यांची चापटी बसेल म्हणून खाली वाकून कधी बघितलंच नाही. मी म्हटलं, "अक्का, पहिल्या वर्षीच कळलं होतं? मग त्यांना बोलावून का नाही घेतलं?"

"पंधरा दिस आनला हुता की. एक रात डोळा लागला न्हाय त्याचा. नुसता छताकडं बघायचा. मी माग कुटनं आनू?" ती खाली बसली, हळूहळू, काठी धरून. "अट घालून बसलेली मी. माजी अट मलाच मोडता यीना. मग म्हनलं, त्यो फसवतोय तर फसवू दे. येतोय तर खरं."

मला रडू फुटलं. मी त्या दोरीच्या तुकड्यांवर तोंड दाबून रडले आणि सांगून टाकलं, की गेल्या साली मी सुट्टी मागितलीच नव्हती. मी आले असते तर ते आले असते. तुम्ही त्यांना आणखी एकदा बघितलं असतं.

अक्कानं चंची पुन्हा कमरेला खोचली. रागावेल असं मला वाटलं, रागावावं असंही वाटलं.

"इरली बिडु," ती म्हणाली. अगदी त्यांच्याच आवाजात.

मग तिनं पानं मांडायला घेतली. एक, दोन, तीन. डोळे पुसून मी तिसऱ्या पानाकडं बघितलं.

"बघतीस काय? जा, त्या म्हसोबाला बोलवून आन. किती सालं चिंचंखाली एकटाच जेवतोय. आज पानावर बसू दे." मी उठले आणि चालत निघाले, तर ओरडली, "चालत कुटं? गाडी कशाला आनलीया?"

मी गाडी वाकवली, किक मारली. अक्कानं माझा दंड धरला. तिची बोटं कडक, धागे जोडून जोडून टोकाला चपटी झालेली.

"केम," ती म्हणाली. हे नाव वर्षभरात मला कुणी ऐकवलं नव्हतं. "येताना हॉर्न दे. त्याच्यावानी. मघाशी वाट बगत हुते मी."

चिंचेपाशी कुंभारी माझ्या मागं बसला, कसाबसा, अवघडून. वाट वळली, ज्वारी दोन्ही बाजूंना आली. मी अंगठा ठेवला. दोन बारके, एक लांब.